शशिकलाअक्कांची गोळी

शशिकलाअक्का चेन्नईतल्या मैलापुरात भरतनाट्यमचे पोशाख शिवायच्या. देवळाच्या तळ्यापासून आत गेलेल्या एका गल्लीत खाली दुकान होतं, वर घर. दुकान कसलं, एकच खोली. एका भिंतीला त्यांचे यजमान बालाजीराव यांचं कापायचं टेबल, दुसऱ्या भिंतीला अक्कांचं मशीन. कोरी रेशमी साडी समोर पसरली की बालाजीराव ती बिनदिक्कत कापायचे आणि त्या तुकड्यांतून अक्का विजार, चोळी, उपरणं आणि पायांच्या मधोमध येणारा चुण्यांचा पंखा उभा करायच्या. मुलगी गुडघे वाकवून बसली की तो पंखा उघडला पाहिजे आणि उठली की मुकाट मिटला पाहिजे. त्याच्या चुण्या अक्का मशीनवर घालत नसत, हातानं घालत.

माझी मुलगी इरा नाच शिकायला लागली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. माझा नवरा सिद्धार्थ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात आहे. आम्ही नाशिकहून येऊन अण्णा नगरला राहिलेलो. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी मापं सांगत होते आणि मधेच इराला दटावलं, "सरळ उभी राहा गं जरा." मशीन थांबलं.

"तुम्ही मराठी बोलतां?" अक्का म्हणाल्या. "आम्हीही मराठीच. तंजावूरचे. नामदेव शिंपी."

त्यांची मराठी माझ्या आजीच्या पोथीतल्यासारखी होती, फक्त तमिळच्या हेलात. "कोठें राहतां?", "मी उद्यां शिवून देतें", आणि मधेच "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं. त्यांच्या मुलीला, अनन्याला, ही मराठी कळायची पण ती उत्तर तमिळमध्ये द्यायची. बालाजीराव मुळात कमी बोलणारे. त्यामुळे मी गेले की अक्कांना बरं वाटायचं. मलाही. कामाशिवाय मी त्यांच्याकडे कधी जायला लागले, ते आठवत नाही.

त्यांच्या आजारपणाची हकीकत त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. अनन्या बालवाडीत होती तेव्हा त्यांची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटायची नाही. मग ताप यायला लागला, गालांवर लाली चढली, केस गळाले. कोणी संधिवात म्हणालं, कोणी दृष्ट. वर्षभर सुई हातात धरता आली नाही, तेव्हा सासूबाई शिवायच्या आणि अक्का पलंगावरून बघायच्या. शेवटी मोठ्या सरकारी इस्पितळात एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: ल्यूपस. शरीर स्वतःलाच शत्रू समजतं आणि स्वतःवरच चालून जातं, असं त्यांनी समजावलं. त्यांनी एक गोळी लिहून दिली. मुळात मलेरियाची जुनी गोळी, पण ल्यूपसच्या रोग्यांना ती जन्मभर देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. अक्का तिला नुसतं 'मात्तिरै' म्हणायच्या, गोळी. बाकीची औषधं म्हणजे औषधं; गोळी म्हणजे ही.

तीन-चार महिन्यांत सूज उतरली. अक्का म्हणायच्या, "मी मशीनपुढें बसलें आणि रडलें. सासूबाईंनीं विचारलें, दुखतें काय? मी म्हटलें, नाही हो, दुखत नाही म्हणून रडतें."

त्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती: ही गोळी फार वर्षं घेतली तर कधीकधी डोळ्यांत उतरते, तेव्हा दर वर्षी डोळे तपासून घ्यायचे. अक्का सुरुवातीला गेल्याही. पण ते डॉक्टर निवृत्त झाले, इस्पितळातली रांग वाढली, आणि गोळी तर जुन्या चिठ्ठीवर गल्लीच्या तोंडच्या दुकानात मिळतच होती. डोळ्यांची तपासणी अक्का शेजारच्या चष्म्याच्या दुकानात करून घ्यायला लागल्या. भिंतीवरचा तक्ता वाचायचा. त्या शेवटची ओळसुद्धा वाचायच्या. दुकानदार म्हणायचा, "अम्मा, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले." डोळे तपासणं म्हणजे हेच, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. दरम्यान त्या वाळत गेल्या. ऐन चाळिशीत बेचाळीस किलो झाल्या. वजनावर ठरणारा गोळीचा डोस मात्र पहिल्या दिवशी होता तोच राहिला.

करोनाच्या साथीत हीच गोळी करोनावरचं औषध म्हणून रातोरात प्रसिद्ध झाली आणि दुकानांतून नाहीशी झाली. बालाजीराव तोंडाला फडकं बांधून पार एग्मोरपर्यंत पायी फिरून एक पाकीट घेऊन आले होते. अक्का ते सांगताना हसायच्या. "लग्नांतसुद्धा ह्यांनी माझ्यासाठीं एवढी पायपीट केली नाही."

पुढं इराचं अरंगेट्रम ठरलं, म्हणजे रंगमंचावरचा पहिला पूर्ण कार्यक्रम. मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, सगळ्या गावात गाणं आणि नाच, शिंप्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. पोशाख आणायला मी गेले तर बालाजीरावांनी तो टेबलावर पसरून ठेवला होता. डाळिंबी रेशीम, काठावर जरीचे मोर. डाव्या पायावरचे मोर सरळ. उजव्या पायावरचे सगळे उलटे, डोकं खाली.

"हें मी शिवलें?" अक्का म्हणाल्या. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. मग कापड अगदी डोळ्यांजवळ नेलं, थोडं बाजूला केलं, पुन्हा जवळ आणलं, जणू ते कापड हलत होतं आणि त्या त्याला पकडू पाहत होत्या.

"अक्का, होतं असं कामाच्या घाईत," मी म्हणाले.

"माझ्याकडून होत नाही," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी कबूल केलं. बरेच महिने अक्षरं गिळली जात होती. पेपरात एक अक्षर स्वच्छ दिसे आणि त्याच्या शेजारची दोन नाहीशी होत. सुईचं टोक दिसे, पण टोकाशेजारची चुणी दिसत नसे. मान थोडी वळवली की चुणी परत येई आणि टोक जाई. दोनदा चष्मा बदलला. दुकानदाराचा तक्ता त्या अजूनही वाचत होत्या. प्रत्येक अक्षर एकेकटं, मोठं, त्यामुळं वाचता येत होतं.

पोशाख त्यांनी उसवून पुन्हा शिवला. काठाची दिशा बालाजीरावांनी टाचण्या लावून दाखवली. कार्यक्रम झाल्यावर मी दोघांना गाडीत घालून डोळ्यांच्या एका इस्पितळात नेलं.

तिथं डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून त्यांना एका यंत्रापुढं बसवलं. हनुवटी पट्टीवर, कपाळ टेकलेलं. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "आत निळी फुली दिसेल, तिच्याकडे बघा, पापणी लववू नका." काही दुखत नाही, काही टोचत नाही. उजेड आत जातो आणि डोळ्याच्या तळाशी असलेल्या पडद्याचा आडवा छेद दाखवणारं चित्र शेजारच्या स्क्रीनवर उमटतं. मी मागं उभी राहून बघत होते. विहीर खणताना मातीचे थर दिसतात तसे थर, एकावर एक, आणि मधोमध एक खळगा.

डॉक्टर श्रीवत्स यांनी ते चित्र आम्हाला समजावून सांगितलं. वय फार नव्हतं, पण घाई करत नव्हते. हा अख्खा पडदा ओल्या कागदाहून जाड नसतो, आणि यंत्र त्यातला एकेक थर मोजतं, ते म्हणाले. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक एका पांढऱ्या रेघेवर ठेवलं. "ही रेघ सलग पाहिजे. दिसणं हिच्यावर चालतं. इथं मध्यावर आहे. पण मध्याच्या दोन्ही बाजूंना बघा, तुटली आहे. इथं थर पातळ होत होत संपलाय. दोन्ही डोळ्यांत सारखं." मग त्यांनी विचारलं, "अम्मा, सांधेदुखीसाठी एखादी गोळी घेता का? पुष्कळ वर्षं?"

अक्कांनी नाव सांगितलं.

"किती वर्षं?"

"अनन्या शाळेंत गेली नव्हती तेव्हांपासून. आतां तिचें लग्न होऊन वर्ष झालें."

डॉक्टरांनी मान हलवली. ती गोळी बंद करावी लागेल, ते म्हणाले, मात्र ल्यूपसच्या डॉक्टरांना विचारून.

"मग हें भरून येईल?"

"नाही."

"इथंच थांबेल?"

"थांबेल असं सांगता येत नाही. गोळी शरीरातून हळूहळू जाते. काही लोकांत बंद केल्यावरही वाढत राहतं."

बालाजीराव पुढं सरकले. "हें यंत्र आधीं लावलें असतें तर?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. "नजरेला काही कळायच्या खूप आधी इथं पातळ होताना दिसलं असतं. यंत्र त्याच्यासाठीच आहे."

परत येताना गाडीत, अड्यारच्या पुलावर बालाजीराव म्हणाले, "मीच आणून देत होतों." अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मैलापूर आल्यावर ते गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि सरळ औषधाच्या दुकानात गेले. भांडण होईल म्हणून मी मागोमाग गेले. ते काउंटरपाशी बराच वेळ उभे राहिले. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ, अय्या?" तेव्हा त्यांनी तापाच्या गोळ्या घेतल्या आणि घरी आले.

ल्यूपस बघणाऱ्या सांध्यांच्या डॉक्टरबाईंनी गोळी बंद केली. दुसरं औषध सुरू झालं. ते अक्कांना सोसलं नाही. रक्तातल्या पेशी घसरल्या, म्हणून तिसरं. पावसाळा संपेपर्यंत बोटं पुन्हा सुजली, ताप परत आला आणि लघवीच्या तपासणीत मूत्रपिंडाला त्रास सुरू झाल्याचं दिसलं. स्टेरॉइडनं तोंड सुजून गोल झालं. मी गेले की त्या मशीनपुढं बसलेल्या असायच्या, हात मांडीत. "डोळे मध्यें थोडे आहेत अजून," म्हणायच्या. "मध्यावर दिसतें. पण आतां हात नाहीत."

आणि मग पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाल्यावर, त्यांचे हात सुधारले. सूज उतरली, मूठ मिटायला लागली. तिसरं औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटलं. बालाजीरावांनी तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, देवळात नारळ फोडला. अक्कांनी तीन मुलींचे पोशाख घेतले. मोठ्या दिव्याखाली, मान तिरकी करून, मध्याच्या त्या टिचभर नजरेनं त्या चुण्या घालायच्या. वेळ पूर्वीच्या चौपट लागायचा, पण चुण्या त्यांच्याच होत्या. मी इतकी आनंदले की नाशिकला फोन करून आईला सांगितलं.

पुढच्या तपासणीला अनन्या बरोबर आली होती. ती आयटीत काम करते. तिनं सुट्टी काढली होती. डॉक्टरांनी दोन्ही वेळची चित्रं शेजारी शेजारी ठेवली. तुटकी रेघ आणखी तुटली होती. मध्याच्या बाजूला सरकली होती. त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि मग हळूच विचारलं, "अम्मा, गोळी पूर्ण बंद आहे ना?"

अक्का म्हणाल्या, "नाही."

दुसऱ्या पेठेतल्या दुकानातून त्या ती स्वतः आणत होत्या, जुन्याच चिठ्ठीवर. डिसेंबरपासून रोज.

अनन्या तिथंच, डॉक्टरांपुढं, तमिळमध्ये ओरडली. "अम्मा, तुला आंधळं व्हायचंय का?" अक्कांनी उत्तर मराठीतून दिलं, तेही माझ्याकडे बघत, जणू अनन्याला हे थेट सांगणं त्यांना जमलं नसतं. "आंधळी तर मी होतेंच आहे. डॉक्टर बोलिले ना, थांबेल असें सांगतां येत नाही. मग दोन्ही कशास घालवूं? डोळे आहेत तोंवर हात पाहिजेत. डोळे गेल्यावर हात घेऊन मी काय करूं?"

"म्हणजे गोळीनेंच वाढलें?" बालाजीरावांनी डॉक्टरांना विचारलं.

"कदाचित. तसंही वाढलं असतं, असंही असू शकतं. मी खोटं सांगणार नाही, मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या उत्तरानं कोणाचंच भलं झालं नाही. अनन्यानं आईला दोष द्यायचा, तर तो पुरा देता येत नव्हता, आणि माफ करायचं तर तेही पुरं करता येत नव्हतं. बालाजीरावांना सगळ्यात जास्त लागलं ते नारळाचं. "तुला माहीत होतें," ते बाहेर बाकावर बसून म्हणाले. "मी देवळांत गेलों तेव्हां तुला माहीत होतें." अक्का म्हणाल्या, "तुम्ही इतक्या दिवसांनीं हसलां होतां."

गोळी पुन्हा बंद झाली, आणि यावेळी अनन्याची नजर होती. हात पुन्हा गेले. तीनपैकी एक पोशाख पुरा झाला होता; दुसरा बालाजीरावांनी ओळखीच्या शिंप्याकडून करून घेतला; तिसऱ्या मुलीच्या आईनं साडी परत नेली. साडीची घडी तिनं दारातच उलगडून बघितली.

वर्षाच्या आत दुकान बंद झालं. मशीन विकलं गेलं तेव्हा अक्का वर झोपून होत्या. अनन्यानं दोघांना आपल्या घरी आणलं, अण्णा नगरला, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चौथा मजला, लिफ्ट, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. बालाजीराव एका साड्यांच्या दुकानात फॉल-पिको करून देतात. दिवसभर तिथंच असतात. लवकर घरी यायला त्यांना नको वाटतं, असं मला वाटतं. अक्कांशी मराठीत बोलणारं दिवसा घरात कोणी नसतं. अनन्या चांगली मुलगी आहे. ती सगळं वेळेवर करते आणि आईच्या डोळ्यांत बघत नाही.

शेवटच्या तपासणीला मीच गेले होते त्यांच्याबरोबर. तंत्रज्ञ मुलगी दुसरी होती. "निळ्या फुलीकडे बघा, अम्मा," ती म्हणाली. अक्का बघत होत्या. "हलू नका. फुलीकडे बघा." मी पाहिलं, त्यांचा डोळा यंत्रात इकडून तिकडे भटकत होता. मुलीनं पुन्हा सांगितलं, मग पुन्हा, आवाज चढवून.

"कोठें आहे फुली?" अक्का म्हणाल्या.

मुलीनं दोनदा प्रयत्न केला. चित्र नीट आलंच नाही. सगळे थर वाकडेतिकडे, धुरकट. डॉक्टर श्रीवत्स स्वतः उठून आले, अक्कांच्या शेजारी स्टुलावर बसले. मोजायला आता डोळा स्थिर राहत नाही, ते म्हणाले, तरी सहा महिन्यांनी या.

"मोजून काय होतें, डॉक्टर?" अक्कांनी त्यांना तमिळमध्ये विचारलं. रागानं नव्हे.

"पहिल्यापासून मोजलं असतं तर उपयोग होता," ते म्हणाले. "आता फक्त किती राहिलंय तेवढं कळतं."

"तें मला घरींच कळतें," अक्का म्हणाल्या आणि उठल्या.

त्यानंतर त्या गेल्या नाहीत. अनन्यानं दोनदा वेळ घेतली, दोनदा त्यांनी नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा अनन्यानं घेतली नाही. बाजूनं त्यांना अजून दिसतं: दार, खुर्ची, कोणी आलं गेलं. पण चेहरा दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तोच नेमका नाहीसा होतो. इरा परवा भेटायला आली होती, कॉलेजची सुट्टी होती. अक्कांनी तिच्या खांद्यापलीकडे बघत तिचे हात चाचपले आणि म्हणाल्या, "उंच झालीस की." इरा घरी येऊन बराच वेळ बाथरूममध्ये होती.

मागच्या रविवारी मी गेले तर अक्का एकट्याच होत्या. टीव्ही चालू होता, कोणती तरी मालिका, आवाज बारीक. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी मान वळवली.

"नखें काढून देतेस का?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातून होत नाही. अनन्याला सांगवत नाही."

मी खुर्ची जवळ ओढली. बोटं सुजलेली होती, पेरांपाशी गरम, आणि अंगठा आतल्या बाजूला वळलेला. मी एकेक बोट धरून जपून नख काढत होते.

"दुखतंय का?"

"दुखतें. तूं काढ."

डाव्या हाताची झाली. उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला मी हात लावला तेव्हा त्यांनी ओठ आवळले, आणि जरा वेळानं हात हळूच सोडवून घेतला.

"आज एवढीं पुरेत," त्या म्हणाल्या.

मी नखांचे तुकडे कागदात गुंडाळले आणि त्यांचा चहा ठेवायला आत गेले.